सल्ला: वडिलांची बंदूक घरात आहे, परवाना मात्र उरलेला नाही

पत्र: वडिलांचे निधन होऊन सात महिने झाले. त्यांच्या नावावर परवाना असलेली एक बंदूक घरात आहे. परवाना त्यांच्याबरोबरच संपला. थोरले बंधू ती जमा करायला तयार नाहीत आणि स्वतःच्या नावे परवाना काढायलाही तयार नाहीत. ते म्हणतात, शस्त्र अल्लाहने हलाल केले आहे, मग त्यासाठी माणसाची परवानगी कशाला? कुरआनात सामर्थ्य सज्ज ठेवण्याचा आदेश आहे, जानमालाचे रक्षण करताना मारला गेलेला शहीद ठरतो, शिवाय येणारे दिवस चांगले दिसत नाहीत. बंदूक त्यांच्या खोलीतील कपाटात आहे, काडतुसेही तिथेच आहेत आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा त्याच खोलीत झोपतो. आई घाबरलेली असते, बहीण काहीच बोलत नाही. शस्त्रपरवान्याचे कायदे इस्लामी तत्त्वांशी सुसंगत आहेत का? आणि हे मी घराबाहेर कोणाला सांगितले तर तो भावाशी विश्वासघात होईल का? (एक धाकटा भाऊ)

अस्सलामु अलैकुम.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे लक्ष प्रश्नाआधी त्या कपाटाकडे गेले. म्हणून आधी त्याबद्दल बोलतो. वाद मिटेपर्यंत बंदूक आणि काडतुसे एका जागी राहू नयेत. ज्याला हाताळणी येते अशा माणसानेच ती रिकामी असल्याची खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, बंदूक वेगळ्या कुलपात ठेवावी आणि दोन्ही किल्ल्या मुलाच्या नजरेत येणार नाहीत अशा ठेवाव्यात. आपल्याला हाताळणी येत नसेल तर बंदुकीला हात लावू नका. काडतुसे मात्र हलवा. एवढ्यासाठी बंधूंनी परवान्याबाबतचे आपले मत बदलण्याची गरज नाही, आणि मूल झोपते त्या खोलीतून काडतुसे हलवायला कोणताही बाप नाही म्हणणार नाही, असा मला विश्वास आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. शस्त्र बाळगण्यासाठी पात्रता तपासणारा, नोंद ठेवणारा आणि अटी घालणारा कायदा इस्लामी तत्त्वांशी सुसंगत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे जाऊन मी असेही म्हणेन की, अशा कायद्यामागे जी काळजी आहे ती शरीयतीला परकी तर नाहीच, उलट शस्त्रांविषयीच्या हदीसांमध्ये (प्रेषितांच्या वचनांच्या व प्रसंगांच्या नोंदींमध्ये) ती ठायी ठायी दिसते. एखाद्या देशाच्या कायद्यातील प्रत्येक कलम न्याय्य असेलच असे मात्र मी म्हणत नाही, आणि त्याविषयी पुढे बोलणार आहे. मी फतवा देणारा मुफ्ती नव्हे. फिक्हचा (इस्लामी कायदाशास्त्राचा) अभ्यास करणाऱ्या माणसाने मोठ्या भावासमोर बसून जे बोलावे, ते इथे लिहीत आहे.

बंधूंचा पहिला मुद्दा हलाल आणि हराम यांचा आहे, आणि तो क्षुल्लक नाही. अल्लाहने जे वैध केले ते आपल्या जिभेने निषिद्ध ठरवू नका, अशी ताकीद कुरआनात (१६:११६) आहेच. तथापि एखादी गोष्ट हराम ठरवणे आणि वैध गोष्टीला लोकहितासाठी मर्यादा घालणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. हा फरक फुकहांनी (इस्लामी कायदेपंडितांनी) फार पूर्वीपासून ओळखला आहे. ‘मुबाह’ म्हणजे जी करण्यात पुण्य नाही आणि न करण्यात पाप नाही, अशी गोष्ट. अशा गोष्टीवर शासनकर्ता तात्पुरती किंवा कायमची अट घालू शकतो, फक्त ती अट लोकांच्या भल्यासाठी असली पाहिजे. हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसीत येते की, एका वर्षी गरजू बदूंची टोळी मदीनेत आली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुर्बानीचे मांस तीन दिवसांहून अधिक साठवण्यास मनाई केली. पुढे गरज सरल्यावर स्वतःच ती मनाई उठवली आणि कारणही सांगितले. मांस आधीही हलाल होते, मनाईच्या काळातही हलाल होते आणि नंतरही हलाल राहिले. बदलली ती परिस्थिती.

यावर बंधू म्हणतील की तो प्रेषितांचा अधिकार होता, इतरांना तो नाही. त्यांना इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या हदीसग्रंथातील हरवलेल्या उंटांची हकीकत सांगा. मोकाट उंटाला पकडू नये, त्याला चालायला पाय आहेत आणि तहान भागवायला पोटात पाणी आहे, मालक भेटेपर्यंत त्याला सोडून द्यावे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. हजरत उमर (रजि.) यांच्या काळापर्यंत असे उंट मोकळेच फिरत असत आणि त्यांना कोणी हात लावत नसे. हजरत उस्मान (रजि.) खलिफा झाले तेव्हा त्यांनी हुकूम काढला की असे उंट पकडावेत, दवंडी द्यावी, मालक न आल्यास विकावेत आणि मालक पुढे आला तर त्याला किंमत द्यावी. उंट तेच होते आणि हदीसही तीच होती. माणसे मात्र पहिल्यासारखी राहिली नव्हती, आणि मोकाट उंट कोणी पळवणार नाही ही खात्री उरली नव्हती. मालकाचा माल वाचवणे हा मूळ हेतू होता आणि तो नव्या परिस्थितीत नव्या नियमानेच साधत होता. शस्त्रपरवान्याचा विचार करताना मला ही हकीकत नेहमी आठवते, कारण तलवारीच्या काळातील मोकळीक जशीच्या तशी काडतुसांच्या काळाला लावा, असे म्हणणाऱ्याला तिच्यात नेमके उत्तर आहे. तलवारीने घाव घालायला माणसाला समोर जावे लागे. बंदुकीचा चाप अकरा वर्षांचे बोटही ओढू शकते आणि गोळी भिंतीपलीकडे झोपलेल्यालाही लागू शकते.

फुकहांनी या सगळ्याचा सारांश एका सूत्रात बांधला: प्रजेच्या बाबतीत शासनकर्त्याचा प्रत्येक व्यवहार लोकहिताशी बांधलेला असतो. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात अहमद जेवदेत पाशा यांच्या नेतृत्वाखाली १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ नावाची जी संहिता तयार झाली, तिचे ५८ वे कलम हेच आहे. तिचेच २६ वे कलम सांगते की सार्वजनिक हानी टाळण्यासाठी एखाद्याची खासगी हानी सोसली जाते, आणि त्याच कलमात उदाहरण दिले आहे ते अडाणी वैद्याला धंदा करण्यास मनाई करण्याचे. हे उदाहरण संहिताकारांच्या डोक्यातून आलेले नाही. सज्ञान माणसाच्या व्यवहारावर बंधन घालण्याच्या बाबतीत इमाम अबू हनीफा अत्यंत नाखूश असत. माणूस उधळ्या असला तरी त्याचे हात बांधू नयेत, असे त्यांचे मत होते. एवढ्या स्वातंत्र्यवादी इमामानेही तिघांना रोखण्याची मुभा दिली: लोकांना पळवाटा शिकवणारा बेजबाबदार मुफ्ती, अडाणी वैद्य आणि स्वतःजवळ जनावर नसताना भाडे घेणारा दिवाळखोर वाहतूकदार. या तिघांत समान काय आहे ते पाहा. तिघांचेही धंदे मुळात वैध आहेत, पण त्यांच्या अपात्रतेची किंमत दुसऱ्यांना आपल्या धर्माने, देहाने आणि मालाने मोजावी लागते. औषध देणाऱ्या हाताची पात्रता तपासणे शरीयतीत बसते. मग गोळी झाडणाऱ्या हाताची तपासणी बसत नाही, हे मला पटवून घेता येत नाही.

याहून जवळचा आधार खुद्द कुरआनात आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सूरह अन्-निसा या अध्यायाच्या सहाव्या आयतीत (वचनात) अनाथांच्या मालमत्तेविषयी आदेश आहे. माल त्यांचाच आहे, त्यावर त्यांचा हक्क निर्विवाद आहे, तरीही पालकाला सांगितले आहे की आधी त्यांची परीक्षा घ्या, वय होऊ द्या, त्यांच्यात समज आलेली दिसली की मगच माल हवाली करा आणि हवाली करताना साक्षीदार ठेवा. वय, परीक्षा, समज आणि साक्ष, या चारही गोष्टी त्या एका आयतीत आहेत. त्याआधीच्याच आयतीत अविचारी माणसाच्या हाती माल सोपवू नका असे म्हटले आहे. स्वतःच्या मालकीच्या पैशाबाबत जर ही खबरदारी असेल, तर ज्या वस्तूमुळे शेजाऱ्याचा जीव जाऊ शकतो तिच्याबाबत वय विचारणे, मानसिक स्वास्थ्य पाहणे, हाताळणीचे प्रशिक्षण मागणे आणि नोंद ठेवणे, याला ‘माणसाचा कायदा’ म्हणून झटकता येणार नाही.

शस्त्राच्या हदीसांकडे वळलो की हेच चित्र अधिक ठळक होते. एक माणूस मशिदीतून बाण घेऊन चालला होता. प्रेषितांनी (स.) त्याला बाण बाहेर टाकायला सांगितले नाही, त्याला हाकलले नाही, बाण निषिद्ध आहेत असेही म्हटले नाही, फक्त पाती मुठीत धर, असे सांगितले. दुसऱ्या एका हदीसीत मशीद आणि बाजार या दोन्ही ठिकाणांचा उल्लेख आहे, आणि कारण दिले आहे की एखाद्या मुसलमानाला ओरखडा उठू नये. गर्दी आहे, खांद्याला खांदा लागतो आहे आणि चालणाऱ्याच्या मनात कोणाविषयीही वैर नाही, तरी लोखंडाचे टोक त्याच्याच तळव्यात बंद असले पाहिजे. नंग्या तलवारीची देवाणघेवाण करू नये, असे हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस सांगते. भावाच्या दिशेने हत्यार रोखू नका, कारण सैतान कधी हात हिसकेल आणि माणूस आगीच्या खड्ड्यात पडेल हे त्याला कळत नाही, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या हदीसीत आहे, आणि सख्ख्या भावावर गंमतीत लोखंड उगारणाऱ्यावरही फरिश्ते धिक्कार पाठवतात, असे मुस्लिम शरीफ या हदीससंग्रहात येते. या साऱ्या हदीसांमध्ये कोणाचाही गुन्हा घडलेला नाही. शरीयत इथे घडलेल्या इजेची शिक्षा सांगत नसून इजा होण्याची वाट अगोदर बंद करते आहे. फिक्हच्या भाषेत याला ‘सद्द अज्-जराइअ’ म्हणतात, आणि मालिकी व हंबली परंपरेत त्याला मोठे स्थान आहे. परवान्याचा कायदा हेच काम करतो.

हजरत उमर यांचे पुत्र इब्न उमर (रजि.) यांचा मक्केजवळील मिना येथील प्रसंग तर जणू याच वादासाठी जपून ठेवला आहे. सईद इब्न जुबैर सांगतात की, गर्दीत एका भाल्याचे टोक इब्न उमर यांच्या तळपायात असे घुसले की पाऊल रिकिबीला चिकटले, आणि सईद यांनी उतरून ते टोक उपसून काढले. तिथला सत्ताधीश हज्जाज विचारपूस करायला आला आणि म्हणाला, हे कोणी केले ते कळले असते तर बरे झाले असते. इब्न उमर म्हणाले, तूच केलेस. हज्जाजने विचारले, ते कसे? उत्तर मिळाले, ज्या दिवशी शस्त्र बाळगले जात नसे त्या दिवशी तू शस्त्र बाळगू दिलेस, आणि हरमच्या (मक्केच्या पवित्र परिसराच्या) हद्दीत शस्त्र येत नसे तिथे ते येऊ दिलेस. जखम करणारा माणूस कोण होता हे इब्न उमर यांनी विचारलेही नाही. शस्त्रावरची मर्यादा ज्याने सैल केली त्याला त्यांनी जबाबदार धरले. इमाम बुखारी यांनी ही हकीकत ईद आणि हरममध्ये शस्त्र बाळगण्याच्या नापसंतीच्या प्रकरणात घेतली आहे आणि तिथेच हसन बसरी यांचे वचन दिले आहे की शत्रूचे भय नसेल तर ईदच्या दिवशी शस्त्र बाळगण्याची लोकांना मनाई होती. म्हणजे स्थळ, दिवस आणि गरज पाहून शस्त्रावर बंधन घालण्याची पद्धत पहिल्या पिढ्यांपासून चालत आली आहे.

आता सूरह अल्-अन्फालची साठावी आयत, म्हणजे सामर्थ्य सज्ज ठेवण्याचा तो आदेश. बंधू ती सांगतात हे चांगलेच आहे, कारण ती एकटी वाचली जाऊ नये. ‘सज्ज ठेवा’ हा आदेश अनेकवचनी आहे आणि तो बद्रच्या लढाईनंतरच्या काळात एका संघटित समाजाला, त्याच्या नेतृत्वासह, दिलेला आहे. कपाटात काय ठेवावे हे एकेका घराला सांगण्यासाठी तो आलेला नाही. तिच्या दोनच आयती आधी करार पाळण्याविषयी सांगितले आहे: समोरचा दगा देईल अशी भीती असली तरी करार उघडपणे परत करा, कारण दगा देणारे अल्लाहला आवडत नाहीत. आणि तिच्या लगेच पुढच्या आयतीत, ते शांततेकडे झुकले तर तुम्हीही झुका, असे आहे. म्हणजे सामर्थ्याची आज्ञा आजूबाजूने कराराने आणि शांततेने वेढलेली आहे. त्या ‘सामर्थ्या’चा अर्थ नेमबाजी असा प्रेषितांनी (स.) तीनदा सांगितला, ही हदीसही बंधूंना ठाऊक असेल. नेमबाजी म्हणजे हाताचे कौशल्य, सराव आणि शिस्त. आणि परवाना देणारी यंत्रणा अर्जदाराकडून प्रशिक्षण मागते तेव्हा ती नेमके तेच मागत असते.

शासन इस्लामी नसेल तर काय, हाही प्रश्न अशा चर्चेत हमखास निघतो, कारण ‘तुमच्यातील अधिकारी’ यांची आज्ञा पाळा असे सूरह अन्-निसाच्या ५९ व्या आयतीत आहे आणि ‘तुमच्यातील’ या शब्दावर लोक अडतात. तो वाद बाजूला ठेवला तरी करार उरतोच. सूरह अल्-माइदा ‘करार पूर्ण करा’ या आज्ञेनेच सुरू होते. ज्या देशाचे नागरिकत्व, पारपत्र, न्यायालये आणि संरक्षण आपण स्वीकारतो, त्या देशाशी आपला करार असतो. दुसऱ्याच्या राज्यात अभय घेऊन राहणाऱ्या मुसलमानाने तिथे दगाबाजी करू नये, हे हनफी फुकहांनी, विशेषतः इमाम सरख्सी यांनी, स्पष्ट सांगितले आहे. आणि शस्त्राविषयीची परक्यांची अट स्वतः प्रेषितांनी (स.) मान्य केलेली आहे. ६२८ मध्ये हुदैबियाचा तह झाला तेव्हा मक्केच्या कुरैशांनी अट घातली की पुढच्या वर्षी मुसलमानांनी तीनच दिवसांसाठी यावे आणि तलवारी म्यानासह चामडी पिशवीत बंद ठेवूनच शहरात शिरावे. ही अट घालणारे मुसलमान नव्हते, उलट युद्धातील शत्रू होते. ६२९ मध्ये प्रेषित (स.) आणि त्यांचे साथी त्या अटीने मक्केत गेले, उमरा (मक्केची छोटी यात्रा) केला आणि मुदत संपताच बाहेर पडले. शस्त्रावरची बिगर-मुस्लिमांची अट मानणे हा ईमानाला धक्का असता, तर हे घडले नसते.

अट फक्त एवढीच आहे की कायद्याने पाप करायला सांगू नये. अवज्ञेत आज्ञापालन नाही, आज्ञापालन केवळ भल्या गोष्टीत, ही हदीस आपल्याला पाठ असेल. पण परवाना काढा, कुलूप लावा, नोंद करा, यात पाप कुठले?

स्वसंरक्षणाचा हक्क खरा आहे आणि माल वाचवताना मारला गेलेला शहीद आहे, ही हदीसही खरी आहे. पण फुकहांनी हल्लेखोराला रोखण्याचे नियम लिहिताना पायऱ्या आखल्या आहेत. ओरडण्याने तो पळत असेल तर मारू नये, हाताने आवरत असेल तर हत्यार काढू नये, जखमेने थांबत असेल तर जीव घेऊ नये. ज्या धर्मात बचावाच्या त्या धास्तावलेल्या क्षणीही माणसाकडून एवढा विवेक अपेक्षित आहे, तिथे शांत दिवसांत अर्ज भरण्याची अपेक्षा जाचक कशी? परवाना हा हक्क काढून घेत नाही. ज्याला खरोखर धोका आहे त्याने तो अर्जात लिहावा.

‘दिवस चांगले दिसत नाहीत’ हे बंधूंचे वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचे वाटले. फितन्याच्या (आपसातील बंडाळीच्या) काळासाठी परंपरेने दिलेला सल्ला त्यांच्या अपेक्षेच्या उलट आहे. अशा काळात शस्त्रविक्री इम्रान इब्न हुसैन (रजि.) यांना नापसंत होती, याची नोंद बुखारी शरीफमध्ये आहे. आणि तिर्मिजी या हदीससंग्रहात उहबान इब्न सैफी (रजि.) यांची गोष्ट आहे. हजरत अली (रजि.) त्यांच्या दाराशी आले आणि सोबत निघण्यास म्हणाले. उहबान म्हणाले, माझ्या जिवलगाने आणि आपल्या चुलतभावाने, म्हणजे प्रेषितांनी (स.), मला सांगून ठेवले आहे की लोकांत फूट पडली की लाकडाची तलवार करून घे. मी ती करून घेतली आहे, हवे असल्यास ती घेऊन येतो. हजरत अलींनी त्यांना तिथेच सोडले. वाईट दिवसांची चाहूल लागली म्हणून बिनपरवाना काडतुसे जपणाऱ्या माणसाला मला ही लाकडी तलवार दाखवावीशी वाटते.

कायदा अन्यायी असतो तेव्हा काय, हे आता प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शस्त्रबंदीच्या इतिहासात न्यायापेक्षा सत्तेचा भाग मोठा असल्याचे दाखले आहेत. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये हिंदुस्थानात शस्त्र कायदा आणला तेव्हा एतद्देशीयांना परवाना सक्तीचा होता आणि युरोपीयांना सूट होती. आपल्याकडेही जुन्या काही फिक्हग्रंथांत संरक्षित बिगर-मुस्लिम प्रजेला शस्त्र बाळगण्यास मनाई आढळते. परवान्याच्या समर्थनासाठी ती पुढे करणारे लेखन मी वाचले आहे, पण मी तिचा आधार घेत नाही, कारण पात्रता न पाहता ओळख पाहणारी अट ही खबरदारी नसून पक्षपात असतो. आज इजिप्तचा कायदा १९५४ चा आहे, तुर्कस्तानचा १९५३ चा, मलेशियाचा १९६० चा, पाकिस्तानचा १९६५ चा; मुस्लिमबहुल देशांनीही परवान्याचीच वाट धरली आहे. देशांचा व्यवहार हा शरीयतीचा पुरावा नसतो, परंतु परवाना म्हणजे परक्यांनी लादलेली कल्पना, या समजुतीला त्यात आधार सापडत नाही. अर्ज धर्म किंवा जात पाहून फेटाळला गेला, अधिकाऱ्याने लाच मागितली, तर तो जुलूम आहे; त्याविरुद्ध अपील करावे, न्यायालयात जावे, बोलावे, लिहावे. लाच मात्र देऊ नये, कारण धिक्कार देणाऱ्यावरही आहे. अर्जात खोटे लिहू नये, कारण खोटी साक्ष मोठ्या पापांत मोडते.

आता आपल्या घरातील एक गोष्ट, जी पत्रात कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. ती बंदूक बंधूंची नाही. ती वडिलांच्या तरक्याचा (मागे राहिलेल्या मालमत्तेचा) भाग आहे, आणि कर्ज व वसीयत (मृत्युपत्र) भागवल्यानंतर तिच्यात सर्व वारसांचा वाटा आहे. पत्रावरून आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे वारस दिसतात. वडिलांचे आई-वडील हयात नाहीत असे धरले, तर मालमत्तेचे चाळीस भाग करावेत: आईला पाच, आपल्याला चौदा, बंधूंना चौदा आणि बहिणीला सात. मालकीचा हक्क वारशाने येतो, परवाना मात्र येत नाही, कारण परवाना हा माल नसून वडिलांच्या व्यक्तिगत पात्रतेवर ठेवलेला विश्वास होता आणि तो त्यांच्याबरोबर गेला. बंधू शरीयतीचे नाव घेऊन ती वस्तू एकट्याच्या कपाटात ठेवतात, तेव्हा शरीयतीनेच दिलेला बहिणीचा आणि आईचा वाटा ते अडवून बसलेले असतात. हे त्यांना रागाने सांगू नका, पण सांगा. बहीण गप्प आहे याचा अर्थ तिने हक्क सोडला असा होत नाही. तिला वेगळे बसवून विचारा.

विश्वासघाताचे म्हणाल तर मन मोकळे ठेवा. सल्ला विचारण्यासाठी भावाची गोष्ट सांगणे ही चहाडी नव्हे. इमाम नववी यांनी ज्या सहा कारणांसाठी दुसऱ्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलण्याची मुभा सांगितली, त्यांत मसला (धार्मिक नियम) विचारणे, अन्यायाची तक्रार करणे, गैर गोष्ट थांबवण्यासाठी मदत मागणे आणि लोकांना धोक्यापासून सावध करणे ही चारही येतात. भाऊ जुलूम करणारा असो की सोसणारा, त्याला मदत करा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले तेव्हा साथींनी विचारले, जुलूम करणाऱ्याला मदत कशी करायची? उत्तर होते, त्याचा हात धरून. आपण जे करणार आहात ते हेच आहे.

करायचे कसे, ते थोडक्यात. बंदूक स्वतः उचलून कोठेही नेऊ नका. बहुतेक देशांत परवान्याशिवाय ती घेऊन रस्त्यावर चालणे हाच वेगळा गुन्हा होतो. आधी शस्त्रकायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र जमा करण्याची, वारसाच्या नावे नवा परवाना मागण्याची किंवा अधिकृत विक्रेत्याला विकण्याची रीत काय, मुदत किती आणि सात महिन्यांचा विलंब कसा मांडायचा, हे तो सांगेल. स्वतःहून पुढे आलेल्या कुटुंबाची बाजू पकडल्या गेलेल्या कुटुंबापेक्षा खूपच बळकट असते. बंधूंना खरोखर बंदूक ठेवायची असेल तर त्यांनी स्वतःच्या नावे अर्ज करावा, बाकीच्यांचा वाटा किमतीने चुकता करावा आणि परवाना हाती येईपर्यंत ती कायद्याने सांगितलेल्या ठिकाणी जमा ठेवावी. घरात कोणी खोल नैराश्यात असेल, आणि एवढ्या मोठ्या दुःखानंतर ते असू शकते, तर परवाना मिळाला तरी बंदूक घरात आणू नये. आत्महत्येचा विचार अनेकदा ओसरून जातो. हाताशी बंदूक असली तर त्याला ओसरायला वेळच मिळत नाही.

बंधूंशी बोलायला बसाल तेव्हा कायद्यापासून सुरुवात करू नका, आणि माझे हे लांबलचक उत्तरही त्यांच्यापुढे ठेवू नका. मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले. प्रेषितांना (स.) कळले तेव्हा ते म्हणाले, ही आग तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा. त्या घरातल्यांना आग हवीच होती, तिच्यावरच त्यांचे अन्न शिजत होते. बंधूंना ही हदीस ऐकवा आणि मग एवढेच विचारा, की रात्री त्या खोलीत मुलगा झोपी जातो तेव्हा कपाटाची किल्ली कुठे असते.